पीएचपीतील एकमेव प्रवेशबिंदू
1995 साली रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी (संकेतस्थळांसाठीची प्रोग्रामिंग भाषा) लोकांपुढे ठेवली, त्यानंतर पुष्कळ काळ जितकी पाने तितक्या फायली आणि प्रत्येक फाईल ब्राउझरला थेट खुली असा परिपाठ चालल्यामुळे, एकमेव प्रवेशबिंदू (प्रत्येक विनंती प्रथम जिच्याकडे येते ती फाईल, बहुधा इंडेक्स.पीएचपी) म्हणजे सारा कोड त्या एका फायलीत कोंबणे, असा समज होणे स्वाभाविक असले, तरी तो यथार्थ नव्हे. सरकारी कचेरीत आलेला अर्ज आधी बारनिशीत दाखल होतो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि मग तो संबंधित टेबलाकडे रवाना होतो. अर्जाचा निकाल बारनिशी कारकून देत नाही. त्याचप्रमाणे ही फाईल पत्ता वाचते आणि काम योग्य मॉड्यूलकडे (एका कामापुरत्या स्वतंत्र घटकाकडे) सोपवते. ‘/पावती/42’ असा पत्ता आला, तर ऑटोलोडिंगमुळे (वर्गाची फाईल गरजेच्या क्षणीच आपोआप वाचण्याच्या सोयीमुळे) पावतीस लागणारे वर्गच तेवढे भरले जातात. साठ्याच्या वा ग्राहकांच्या वर्गांचे काम नसेल, तर त्यांच्या फायली उघडल्याही जात नाहीत.

मात्र मॉड्यूले सार्वजनिक फोल्डरबाहेर (ब्राउझरला थेट खुल्या असलेल्या फोल्डरबाहेर) ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. लाराव्हेल आणि सिम्फनी या पीएचपीच्या फ्रेमवर्कांत (तयार चौकटींत) ‘पब्लिक’ फोल्डरात प्रवेशाची फाईल असते व उर्वरित कोड त्याबाहेर राहतो, त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल थेट पत्ता टाकून कोणालाही मागवता येत नाही.