चाणक्यपुरीतला खेकडा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी निघाली तिला तीन इंजिनं जोडली होती : सुलतान, सिंध आणि साहिब. १४ डबे, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरची वाट. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्या तिघांपैकी एकही इंजिन आज उरलेलं नाही, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी जिथून सुटली, त्या मुंबईत ती ओढणारं यंत्र जपून ठेवावं असं त्या काळी कुणाला सुचलं नाही.

बंगालचं नशीब याहून बरं होतं. १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स शहरात किट्सन, थॉम्प्सन आणि ह्युइटसन यांच्या कारखान्यात तयार झालेलं एक इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेवर हावडा-राणीगंज मार्गावर धावलं, १९०९ साली सेवेतून उतरलं आणि मोडीत जाण्याऐवजी हावडा स्टेशनाबाहेर उभं केलं गेलं. १९४३ साली ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आलं. तिथे नव्या पोरांना दाखवायला म्हणून ते टिकलं. हीच आपली ‘फेअरी क्वीन’. पुढे ती दिल्लीला आली, १९९७ साली तिच्यात पुन्हा वाफ भरली आणि दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर असे १४३ किलोमीटर ती पर्यटकांना घेऊन धावू लागली. नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून १९९८ साली गिनीज बुकात तिची नोंद झाली.

ही राणी ज्या घरातून पुन्हा रुळावर आली, ते दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. दिल्लीला जाणारी मराठी कुटुंबं लाल किल्ला, कुतुबमिनार, जमलं तर आग्रा असा ठरलेला कार्यक्रम करतात. त्यातला अर्धा दिवस काढून इथे जायला हवं, आणि मुलांना घेऊनच जायला हवं. मुलांसाठी तर हवंच. पण मराठी माणसाच्या चार पिढ्यांचा घाम ज्या यंत्रांवर गळला, त्यांतली काही यंत्रं इथे शांतिपथाच्या कडेला उभी आहेत, हे त्याहून मोठं कारण.

संग्रहालयाची पायाभरणी ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. दहा एकरांहून मोठ्या आवारात उघड्यावर रूळ टाकून त्यांवर इंजिनं आणि डबे मांडलेले आहेत, मधोमध अष्टकोनी दालन आहे. या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांचा वाटा फार मोठा. ते नोकरीनिमित्त भारतात राहिलेले, वाफेच्या इंजिनांचे वेडे. जुनी इंजिनं शोधत ते देशभर हिंडले. शेडांत, कारखान्यांच्या आवारात, साखर कारखान्यांच्या मागे गंजत पडलेलं काय काय त्यांनी उचलून आणवलं.

त्यांच्या शोधातला सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे पतियाळा संस्थानची मोनोरेल. १९६२ साली पतियाळाच्या बांधकाम खात्याच्या एका शेडमध्ये ती त्यांच्या नजरेस पडली. हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. १९०७ साली कर्नल बोल्स या इंजिनियरने पतियाळाच्या महाराजांसाठी ही आगगाडी बांधली. रूळ एकच, तोही रस्त्याच्या कडेला बसवलेला. इंजिनाची मुख्य चाकं त्या एका रुळावर एकामागे एक. आणि गाडी कलंडू नये म्हणून एका अंगाला भलं मोठं लोखंडी चाक, जे चक्क रस्त्यावरून चालतं. जवळजवळ सगळा भार रुळावर, रस्त्यावरच्या चाकावर जेमतेम तोल सांभाळण्यापुरता. दोन रूळ समपातळीत बसवण्याची कटकट नाही, वेगळी जमीन घ्यायला नको, असलेल्या रस्त्याच्या काठाने गाडी जाते. सुरुवातीला डबे ओढायला खेचरं होती. सैन्यासाठी संस्थानला खेचरं पाळावीच लागत. शांततेच्या काळात ती बसून खात, त्यांना हे काम मिळालं. मग बर्लिनच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार वाफेची इंजिनं आली. मोटारींनी प्रवासी ओढून नेले आणि १९२७ साली सारं बंद पडलं.

अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपात त्यातलं एक इंजिन दुरुस्त झालं, आणि ते आजही चालतं. संग्रहालयात ठरावीक दिवशी त्याला वाफ देतात. त्या दिवशी गेलात तर लवकर जा, आग पेटवण्यापासून बघा. बॉयलर तापायला वेळ लागतो. फायरमन हातात तेलाची कुपी घेऊन एकेका सांध्यापाशी वाकतो, कापसाच्या बोळ्याने दांडे पुसतो, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी डोळे बारीक करून बघतो. मुलं आधी कंटाळतात. मग एका क्षणी सुरक्षा झडप उघडते, पांढरा झोत आभाळात जातो आणि तोपर्यंत चुळबुळ करणारी पोरं जागच्या जागी थिजतात. फोनवरच्या चित्रात हा धक्का येत नाही. कोळशाचा आणि गरम तेलाचा वासही येत नाही.

मुलांसाठी इथे जॉय ट्रेन आहे, तिच्यात बसून आवाराचा फेरा मारता येतो. मुलांचे वाढदिवस इथे करता येतात, शाळांच्या सहली तर रोजच्याच. कुणाला हे संग्रहालयाच्या गांभीर्याला न शोभणारं वाटेल. मला अजिबात वाटत नाही. सहा वर्षांचं मूल १८९५ साली अजमेरच्या वर्कशॉपात तयार झालेल्या एफ-७३४ समोर, भारतात बांधल्या गेलेल्या पहिल्या इंजिनासमोर, आपणहून उभं राहणार नाही. छोट्या गाडीत बसून त्याच्या शेजारून गेलं की ते विचारतं, हे काळं मोठं कुणाचं? तिथून पुढचं काम आईबापाचं.

आणि विचारण्यासारखं इथे भरपूर आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचं बायर-गॅरॅट इंजिन बघताना मान दुखते. एक बॉयलर, त्याच्या पुढे-मागे चाकांचे दोन वेगळे संच, म्हणजे जणू दोन इंजिनांमध्ये एक बॉयलर टांगलेला. सिंदरीच्या खत कारखान्यातून आलेलं १९५३ सालचं जर्मन इंजिन तर बिनविस्तवाचं आहे. ठिणगी उडाली तर स्फोट होईल अशा जागी काम करायचं म्हणून त्यात भट्टीच नाही. कारखान्याच्या बॉयलरमधून त्याच्या टाकीत गरम पाणी आणि वाफ भरायची आणि तेवढ्यावर त्याने दिवसाचं शंटिंग उरकायचं. आत दालनात १८९४ साली मेल गाडीला धडकलेल्या हत्तीची कवटी ठेवली आहे. मुलं तिथून हलत नाहीत.

राजेरजवाड्यांच्या सलूनपाशी मोठ्यांची गर्दी असते. त्यांतलं बडोद्याच्या गायकवाडांचं सलून मराठी वाचकाने सवड काढून बघावं. ते १८८६ सालचं, सयाजीरावांच्या कारकिर्दीतलं, आणि बांधलं गेलं मुंबईत, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेच्या परळ वर्कशॉपात. छताची नक्षी बघताना हे ध्यानात ठेवावं की याच गायकवाडांच्या राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाम अशी देशातली पहिली नॅरोगेज गाडी सुरू झाली होती, आणि ती बैल ओढत होते.

माथेरानची आगगाडी चालवणारं एक जुनं इंजिनही इथेच आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून १९०७ साली नेरळ-माथेरान मार्ग पुरा झाला. त्या अवघड वळणांसाठी एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी इंजिनाची आखणी केली. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे काल्थ्रॉप ते हेच. पुढची-मागची चाकं वळणावर थोडी बाजूला सरकतील अशी त्यांनी सोय केली, म्हणून हे बुटकं इंजिन डोंगराला बिलगून चढू शकलं. घराण्यातली चार भावंडं होती. एक तर इंग्लंडला गेलं.

पण आपलं म्हणावं असं खरं इंजिन त्याच्याही पलीकडे आहे. ‘सर लेस्ली विल्सन’, क्रमांक ४५०२. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी सुटली, तेव्हा विल्सन मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव लावलेलं हे मालगाडीचं विजेचं इंजिन ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने घाटासाठी आणलं. अशी ४१ होती, काही स्वित्झर्लंडमधली, बाकीची इंग्लंडची. कर्जत सोडलं की बोरघाटात ३७ फूट पुढे जाताना गाडी १ फूट वर चढते. हे काम करायला सव्वाशे टनांच्या घरातलं हे धूड तीन तुकड्यांचं केलेलं : मध्ये ड्रायव्हरची केबिन, दोन्ही टोकांना लांब नाकाडं, आणि वळणावर हे तुकडे एकमेकांशी वेगळा कोन करतात. चाकांना बाहेरून जोडदांडे. इंजिन विजेचं, पण चाल वाफेच्या इंजिनासारखी, दांडे गरगर फिरवत जाणारी. स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या भाऊबंदांना तिथले लोक मगर म्हणाले; कल्याण-इगतपुरीच्या लोकांनी त्याला खेकडा म्हटलं आणि तेच नाव पक्कं झालं. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करून वीज तारेत परत पाठवत.

साठ वर्षांहून अधिक काळ हे खेकडे कर्जत आणि इगतपुरीकडच्या दोन्ही घाटांत राबले. गाडीला मागून रेटा देणारं बँकर इंजिन जोडायला गाड्या कर्जतला थांबत, आणि त्या थांब्यावरच कर्जतच्या वड्याचा धंदा वाढला, हे लोणावळ्याला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. खेकड्याच्याच पिढीतलं ‘सर रॉजर लम्ली’ हे प्रवासी गाड्यांचं इंजिनही इथे आहे. १ जून १९३० पासून धावणारी दख्खनची राणी याच जातीच्या इंजिनांनी ओढली. ही सगळी १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. मध्य रेल्वेवर आता डीसी उरलेली नाही. म्हणजे उद्या मनात आणलं तरी ती आपल्या जुन्या वाटेवर चालवता येणार नाहीत.

एका डिसेंबरात खेकड्याजवळ कल्याणकडचे एक निवृत्त ड्रायव्हर नातवंडांना घेऊन आले होते. नातू म्हणाला, “आबा, तुम्ही बसायचात कुठे?” आबांनी काठीने केबिनची खिडकी दाखवली. “इकडे. आणि पावसात घाटात चाकं घसरायला लागली की हा इकडे वाळूचा खटका. वाळू सोडायची रुळावर, हळूहळू. घाई केलीस तर पुढच्या बोगद्यापर्यंत वाळू पुरायची नाही.” मग त्यांनी धुक्यात सिग्नल कसा दिसत नसे, मागच्या बँकरवाल्याशी शिट्टीवर कसं बोलायचं, ते करून दाखवलं. आसपासची चार-दोन अनोळखी कुटुंबं थांबून ऐकत राहिली.

वाहतूक संग्रहालयात इंजिनापुढच्या पाटीवर काय असतं? साल, कारखाना, वजन, चाकांची रचना. जगभर हेच. वाळू कधी आणि किती सोडायची, हे पाटीवर मावत नाही. ते आबांसारख्यांच्या हातात असतं आणि तेवढीच वर्षं टिकतं. परळ, माटुंगा, भुसावळ, मनमाड, कुर्डुवाडी, लोणावळा, इगतपुरी इथल्या किती घरांतून असे आबा आहेत! वाफेवर काम केलेले बहुतेक सगळे आता म्हातारे झाले आहेत. कुटुंबाच्या सहलीला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी. इंजिनापुढे उभं केलं की माणसाला जे आठवतं, ते घरी सोफ्यावर बसून विचारलं तर आठवत नाही.

दिल्ली लांब पडत असेल तर जवळही सोय आहे. नागपुरात मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांचा संसार तिथे मांडलेला आहे आणि मुलांसाठी छोटी गाडीही आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे सिग्नल पडतात, गाड्या वळतात, सगळं चालतं-फिरतं. तरीही घाटाचं, जीआयपीचं, परळ-माटुंग्याच्या कारागिरांचं चाणक्यपुरीच्या तोडीचं संग्रहालय ज्या राज्यात प्रवासी रेल्वे पहिल्यांदा धावली तिथे असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जत किंवा लोणावळ्याहून योग्य जागा त्याला नाही.

ते होईल तेव्हा होईल. चाणक्यपुरीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि इंजिनं उघड्यावर असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर घरातल्या, नात्यातल्या किंवा शेजारच्या निवृत्त रेल्वेवाल्यांना आग्रहाने सोबत न्या. मुलांना त्यांच्याजवळ उभं करा. ते बोलू लागले की फोनवर रेकॉर्ड करा, आणि रेकॉर्डिंगला त्यांचं नाव, शेड आणि नोकरीची वर्षं लावून ठेवा.