बर्फावरील हॉकी व ठोसेबाजी

आपल्या मैदानी हॉकींत प्रतिस्पर्ध्यावर हात टाकणारास पंच बहुधा तांबडें कार्ड दाखवून सामन्याबाहेर घालवितो. कॅनडा व अमेरिका येथील बर्फावरील हॉकींत मात्र प्रकार निराळा. तेथील नॅशनल हॉकी लीगनें १९२२ सालीं नियम केला कीं, ठोसाठोशी करणारानें पांच मिनिटें बाहेर बसावें. मग तो पुनः खेळावयास मोकळा! हा नियम अद्यापि चालू आहे. दोघे दमेपर्यंत पंच बहुधा बाजूस थांबतात आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात.

याचें समर्थन असें करितात कीं, काठ्या घेऊन वेगानें घसरणाऱ्या गड्यांत ठोशाचा धाक नसेल, तर आडदांड खेळाडू निपुण खेळाडूस जायबंदी करतील. हें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या रक्षणाकरितां जे गडी मुद्दाम बाळगले, त्यांचें रक्षण कोणी केलें? डेरेक बूगार्ड हा त्यांपैकींच एक. २०११ सालीं वेदनाशामक औषधें व मद्य यांच्या अतिरेकानें तो २८ व्या वर्षीं वारला. वारंवार आघातांनीं जडणारा विकार त्याच्या मेंदूंत आढळला. डॉन सँडरसन तर अवघा २१ वर्षांचा. झटापटींत शिरस्त्राण निसटलें, डोकें बर्फावर आपटलें, व जानेवारी २००९ मध्यें तो प्राणास मुकला.

ऑलिंपिकमध्यें ठोसेबाजास सामन्यांतून काढतात. तेथें हेच गडी बहुधा आपल्या मुठी आवरतात, आणि खेळ रंगावयाचा राहत नाहीं. क्यूबेकच्या कुमार लीगनेंही २०२३ पासून तोच नियम लागू केला आहे.