कारवानीला धावायला जागा हवी

गेल्या वीस वर्षांत कारवानी कुत्र्याच्या वाट्याला बरंच कौतुक आलं. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात हा ‘मुधोळ हाउंड’ या नावाने झळकला. 2016 मध्ये त्याची पिल्लं चाचणीसाठी मेरठच्या लष्करी केंद्रात गेली, आणि 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. सांगलीतल्या जतपासून कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यापर्यंतच्या कोरड्या माळावर हा कुत्रा पिढ्यान् पिढ्या राहत आला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची पैदास जोपासली. पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनेत उतरले, असं परंपरा सांगते. अरबी सलुकीशी त्याचं साम्य पाहिलं तर हे पटण्यासारखं आहे. पण कौतुकाबरोबर मागणी वाढली, आणि आता त्याची पिल्लं शहरांतल्या बंद घरांतही जाऊ लागली आहेत. माझं म्हणणं असं की या कुत्र्याचं जतन त्याच्या धावण्याच्या जतनापासून वेगळं काढता येत नाही. धावणं सुटलं की नाव टिकेल, डौल काही पिढ्या टिकेल, पण जात आतून पोकळ होत जाईल.

याचा पुरावा त्याच्या शरीरातच आहे. खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमानदार कंबर, लांब पाय आणि चरबीचा जवळजवळ अभाव. नराची उंची साधारण सत्तर सेंटिमीटर भरते, तरी वजन पंचवीस किलोच्या आसपासच राहतं. भरधाव पळताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा शरीर पूर्ण ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. डोकं लांब आणि अरुंद, डोळे बाजूंना वळलेले. अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टीच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजावरची हालचाल त्यांना चटकन टिपता येते. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, आणि याला हट्टीपणा म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय करणं होय. माणसाने हाच गुण शतकानुशतकं निवडून निवडून वाढवला आहे.

त्याची निगाही या शरीरावरूनच ठरते. कातडी पातळ असल्याने काटेरी कुंपणाने ती सहज फाटते. हाडांवर मांस कमी म्हणून कडक फरशीवर झोपवलं की कोपरांवर घट्टे पडतात, त्यामुळे जाड अंथरूण लागतंच. ज्वारीची भाकरी आणि दूध हा गावाकडचा जुना आहार. पण वाढत्या पिल्लाला तेवढ्यावर ठेवू नये, अंडी, मांस किंवा तोलामोलाचं प्रथिनयुक्त खाणं हवं. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून भरल्या पोटी धावायला सोडू नये आणि खाणं दोन वेळांत विभागून द्यावं. गोचिडांमुळे होणारे ताप माळावर नेहमीचेच, तेव्हा पावसाळ्यात रोज अंग तपासायला हवं. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर कारवानी हा ग्रेहाउंडच्या वळणाचा कुत्रा आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावं. अशा कमी चरबीच्या कुत्र्यांच्या अंगात थायोपेंटोनसारख्या भूल देणाऱ्या औषधांचा अंमल धोकादायक रीतीने लांबतो. स्वभावाने तो अलिप्त असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, म्हणून पिल्लू असल्यापासूनच त्याला माणसांची आणि आवाजांची सवय लावावी लागते.

आता आक्षेपांकडे वळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, मग शिकारीची क्षमता कशाला जपायची? प्रश्न रास्त आहे, आणि चोरून सशांवर कुत्रे सोडणाऱ्यांचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. मोकाट कारवानी काळविटाच्या कळपाला उधळून लावतो, आणि लस न टोचलेले कुत्रे माळावरच्या लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर देतात. ज्या माळाने हा कुत्रा घडवला, त्याच माळाला आज त्याच्यापासून सांभाळावं लागतं. पण धावणं म्हणजे मारणं नव्हे. कुंपण घातलेल्या शेतात दोरीने ओढलेल्या कापडामागे हाच कुत्रा सगळी ताकद लावतो, आणि त्यात कोणाचाही जीव जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परदेशात शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लहान घरांत शांतपणे राहतात, मग कारवानी का नाही? राहू शकतो. दिवसातले बरेच तास तो पडूनच असतो. मात्र पहाटे किंवा संध्याकाळी बंदिस्त मैदानात मोकळी धाव मिळाली पाहिजे. साखळीला धरून कॉलनीत मारलेली फेरी तिची जागा घेऊ शकत नाही, आणि धाव न मिळालेला कारवानी घर कुरतडतो किंवा खंगतो. जागा देता येत नसेल त्याने दुसरा देशी कुत्रा पाळावा, हे मी स्पष्टच म्हणेन.

राहिला प्रश्न शुद्धतेचा. वेगाच्या हव्यासापायी ग्रेहाउंडशी संकर होतो, तर दुसरीकडे शुद्धतेच्या नावाखाली जवळच्या नात्यात जोड्या लावल्या जातात. दोन्हींनी नुकसानच होतं. वस्त्यांवर, धनगरांकडे आणि शेतकऱ्यांकडे वंशावळीचा कागद नसलेले उत्तम कुत्रे आहेत. त्यांना तपासून नोंदवहीत आणलं तर रक्ताचा साठा रुंदावेल. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तसं काम सीमेच्या अलीकडेही व्हायला हवं. निवड करताना रंगाआधी श्वास, पाय आणि स्वभाव पाहिले पाहिजेत. पिल्लू घेणाऱ्याच्याही हातात एक साधी कसोटी आहे: त्याचे आईबाप मैदानात धावताना दाखवायला सांगावं, आणि पैदासकार ते टाळत असेल तर सौदा तिथेच थांबवावा.