जुन्या युनिक्स सर्व्हरला टर्मिनल कसं जोडायचं?

वाशिम, कारंजा, रिसोडकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचा विचार असेल, तर हे काम शिकून ठेवा. एखाद्या पतसंस्थेत किंवा जिनिंगमध्ये युनिक्सवरची जुनी मशीन निघते. स्क्रीन बंद, पण जुना सगळा हिशोब आत. मालकाचा जीव टांगणीला!

पहिला नियम: बटण दाबून मशीन बंद करायची नाही. फाइल सिस्टिम बिघडू शकते, जुनी हार्डडिस्क परत फिरेलच असंही नाही.

आता जोडणी. मागे नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट शोधा. लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावा. मधे नल मोडेम केबल हवी: पिन २ समोरच्या ३ ला, ३ समोरच्या २ ला, ५ ला ५. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात गेलं पाहिजे ना!

लॅपटॉपवर पुट्टी उघडा. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. एन्टर दाबा. लॉगिन आलं तर टर्मिनलचा प्रकार व्हीटी१०० द्या.

वेडीवाकडी अक्षरं आली तर बहुतेक वेग जुळत नाही. काहीच आलं नाही तर आधी केबल तपासा. तरी नाही, तर त्या पोर्टवर लॉगिन बंद असेल. एससीओ युनिक्स असेल तर दुसऱ्या चालू टर्मिनलवरून, रूट लॉगिनने, ‘एनेबल टीटीवाय१ए’ द्या.

पासवर्ड मालकालाच टाकू द्या. आत गेल्यावर आधी बॅकअप, मग दुरुस्ती. केबल कुणीही विकेल. तुमची फी हिशोब सुखरूप ठेवण्याची आहे.