पावसाळा आणि परसातली मुलांची वाळू

मैत्रिणींनो, रोहिणी नक्षत्र सरत आले की आपली केवढी लगबग सुरू होते! पापड, कुरडया, सांडगे डब्यात जातात. तिखट-मसाल्याच्या बरण्यांची तोंडे फडक्याने बांधली जातात. गाद्यांना ऊन दाखवायचे, गच्चीच्या भेगा बुजवून घ्यायच्या, छत्र्यांच्या काड्या नीट करून आणायच्या. या धांदलीत एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. ती म्हणजे परसातली मुलांची वाळू.

कुणाकडे त्यासाठी खास विटांचा हौद बांधलेला असतो, तर कुणाकडे घर बांधताना उरलेला ढीग कुंपणाशी तसाच पडलेला असतो. मुलांना वेड दोन्हीचे सारखेच. मृगाच्या दोन सरी पडल्या की त्या वाळूचा रेंदा होतो, आठवड्याभरात कुबट वास येऊ लागतो, शेजारची मांजर तिथे आपला विधी उरकून जाते. मग घरातले कुणीतरी म्हणतेच, "काढून टाका ती ब्याद! पोरं आजारी पडतील."

यात खोटे काहीच नाही बरं का. नीट न राखलेली ओली वाळू मुलांना खरोखरच आजारी पाडते. पण म्हणून ती काढूनच टाकायची का? मी दुपारपर्यंत एका बालवाडीत शिकवते, तेव्हा वाळूपाशी मुले काय काय करतात ते रोज पाहते. घरी चिडचिड करणारे मूल तिथे अर्धा-अर्धा तास स्वतःशी बोलत रमते. भरणे, ओतणे, मोजणे, बोगदा ढासळला की पुन्हा करणे, हे सारे शिक्षणच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, ते शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा भोवतालच्याच वस्तू हाताशी धरून. वाळू त्यातलीच, बिनखर्चाची. आणि तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पावसाळ्याचे चार महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा नववा हिस्सा! तेवढा काळ त्याला नुसते "घरात बस" म्हणायचे, हे काही बरे नाही.

भीती नेमकी कशाची?

पावसाचे पाणी हा खरा शत्रू नव्हे. शत्रू आहे ती न हटणारी ओल आणि त्या ओलीत वाढणारे जीव.

कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत येतात. हुकवर्म म्हणजे आकडेकृमी. ऊब, ओल आणि सावली मिळाली की त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आणि पाच ते दहा दिवसांत अळी माणसाच्या कातडीतून आत शिरण्याइतकी तयार होते. कुत्र्या-मांजराच्या आकडेकृमीची अळी मुलाच्या तळपायाला किंवा मांडीला लाल, वळवळती रेघ उमटवते आणि खाजेने मूल रात्र-रात्र झोपत नाही. अशी रेघ दिसली तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरा जंत टोक्सोकारा. त्याची अंडी तोंडावाटे पोटात जातात. पण ती बाधक व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे विष्ठा दिसताच त्याच दिवशी भोवतालच्या वितभर वाळूसकट उचलून टाकली, तर दोन्ही संकटे बरीचशी टळतात.

एक महत्त्वाचे सांगते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचीही लागण होऊ शकते, आणि ती पोटातल्या बाळाला बाधते. म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने मुळीच करू नये. दुसऱ्या कुणीतरी करावे.

उंदरांच्या मुताने लेप्टोचा ताप येतो, तोही पायावरच्या जखमेतून. त्यामुळे पायाला खरचटलेले असेल तर मुलाला ओल्या वाळूत सोडायचे नाही, हा नियमच करून टाका.

पाया नीट, तर निम्मे काम झाले

पाणी वरून कितीही पडो, खालून निघून गेले पाहिजे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत ते मुरते. देशावरच्या काळ्या मातीत मात्र खड्डा खणून वाळू भराल तर पावसाळाभर तळे होईल. काळी माती पाणी धरून फुगते, सोडत नाही. अशा ठिकाणी हौद जमिनीच्या वरच करावा. विटांचे किंवा चिऱ्यांचे फूट-सव्वा फूट कठडे उभारून, तळाशी चार बोटे विटांचे रोडे किंवा खडी, त्यावर शेडनेटचे दोन पदर म्हणजे वाळू खाली उतरत नाही, आणि मग वाळू. कठड्याच्या बुडाशी जागोजाग भोके ठेवायला गवंड्याला आठवणीने सांगा. पागोळ्या ज्या बाजूला पडतात ती बाजू टाळा, आणि शक्य तर सकाळचे ऊन मिळेल अशी जागा निवडा.

किती वाळू लागेल? पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि फूटभर खोल हौदाला वीस घनफूट. म्हणजे पाव ब्रासलाही थोडी कमीच. वाळू नदीची, चाळलेली घ्या. समुद्राची वाळू खारट असल्याने हवेतली ओल ओढते. दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू टोकदार असते आणि तिची बारीक पूड छातीत जाते, ती मुलांना नकोच.

वाळूत माती किती हे घरीच पाहता येते. काचेच्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. वाळू खाली बसते, मातीचा थर वर दिसतो. थर जाड असेल तर वाळू घमेल्यात घालून दोन-तीन पाण्यांनी धुऊन काढा. मातकट वाळूच पुढे चिकट होते आणि वाळता वाळत नाही.

झाकण कसे घालावे

ताडपत्री नुसती पसरली की काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण सपाट ताडपत्रीवर पाण्याची थारोळी साचतात, आणि त्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून हौदाच्या मधोमध आडवा बांबू बांधून त्यावर ताडपत्री घाला. घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतार मिळतो. कडा कठड्याच्या बाहेर वीतभर लोंबू द्या आणि नायलॉनच्या दोरीने खाली बांधा. कडेला विटा ठेवायचा मोह टाळा, त्यांच्या खाली विंचू आणि गोम यांना आयते घर मिळते. दोन टोकांना हवेसाठी फट ठेवा, पण मांजर शिरू नये म्हणून तिथे जाळी लावा. हवा कोंडली की आतली वाळू काळी पडते आणि सडका वास मारते.

झाकण काढण्याचे काम मात्र मोठ्या माणसाचेच. पावसात साप कोरडी जागा शोधतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तर फुरसे असते, हातभरसुद्धा नसते पण जहरी, आणि मातीच्या रंगात दिसत नाही. आधी काठीने ताडपत्री उचलायची, आत नीट पाहायचे, दाताळे फिरवायचे. मगच मुलांना हाक मारायची.

उघडीप मिळाली की

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की आपल्याला हवा तेवढा वेळ मिळतो. ऊन पडले की झाकण काढा, दाताळ्याने वाळू तळापर्यंत वर-खाली करा आणि दोन-तीन तास तापू द्या. आठवड्यातून एकदा चाळणीतून काढा. पाने, काड्या, गोगलगायी, हरवलेले चमचे, सगळे निघते! डबे, बादल्या, करवंट्या खेळ संपल्यावर पालथ्या घालायच्या, नाहीतर त्यांतही डास होतात. खाऊ घेऊन वाळूत बसू द्यायचे नाही. मुंग्या येतात, मुंग्यांमागे आणखी कोण कोण येते.

वास यायला लागला म्हणून फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशकाची पूड टाकू नका. तेच हात मुलांच्या तोंडात जाणार आहेत. वासावर ऊन, वारा आणि वर-खाली करणे हेच औषध.

खेळून आल्यावर साबणाने हात-पाय धुणे, नखे कापलेली असणे, हे तुम्हाला सांगायला नको. जंतांचे औषधही चुकवू नका. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. पण ही गोळी पोटातल्या जंतांसाठी आहे, ती घेतली म्हणून वाळूची निगा सोडायची असे नव्हे.

वाळू केव्हा टाकून द्यावी?

पुराचे किंवा गटाराचे पाणी हौदात शिरले तर एक घमेलेही वाचवायला जाऊ नका. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती, हे विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने पूर पाहिला आहे. तिकडच्या मैत्रिणींना हे अधिक पटेल. पूर नसला तरी, मांजरांनी पुष्कळ दिवस वापरलेली वाळूही बदललेलीच बरी.

घरातली परातभर वाळू

आषाढाची झड लागली की आठ-आठ दिवस झाकण काढता येत नाही. त्यासाठी मे महिन्यातच दोन घमेली वाळू चाळून, धुऊन, कडकडीत वाळवून झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. पडवीत जुन्या चादरीवर परात मांडायची, एक गाळणी, एक नरसाळे, दोन वाट्या द्यायच्या. कोरडी वाळू ओतायला, बोटाने अक्षरे गिरवायला उत्तम. त्याच वाळूत वाटीभर पाणी शिंपडले की किल्ले होतात. खेळ झाला की ती पसरून वाळवायची आणि मगच डब्यात भरायची.

आणि हे सगळे करायचे कुणी?

तुमच्या मनातला प्रश्न मला कळतोय! स्वयंपाक, धुणी वाळवण्याची कसरत, शाळेचे डबे, त्यात हे आणखी एक काम आपल्याच डोक्यावर? मुळीच नाही. ताडपत्री बांधणे आणि दाताळे फिरवणे हे रविवारी घरातल्या पुरुषमाणसाने करावे. "पोरं आजारी पडतील" ही काळजी त्यांना वाटतेच, मग त्या काळजीला हातही जोडू द्या की. सहा-सात वर्षांचे मूल बादल्या पालथ्या घालू शकते, मोठ्यांच्या समोर वाळू चाळू शकते, आणि "आपली वाळू आपण राखायची" हे शिकते. आजीने पडवीतून मांजरावर नजर ठेवावी. आपल्याकडे राहिले काय, तर वेळच्या वेळी आठवण करून देणे. तेवढे आपल्याला जमतेच!

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात वाळू दोन-तीन दिवस पूर्ण उघडी टाका, तळापासून चाळा, कमी झाली असेल तेवढी नवी घाला. दिवाळीच्या किल्ल्याला लागणारी वाळू मुलांना त्यातूनच घेऊ द्या. मात्र ताडपत्री धुऊन, खडखडीत वाळवून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवायला विसरू नका. पुढच्या मृगाला तीच उपयोगी पडेल.