तुरीचा पैसा गावात राहतो तेव्हा

आडतीवर तुरीचा ढीग ओतला की खरेदीदार आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारून कचरा उडवतो आणि एक दाणा दाढेखाली धरतो. कडकन फुटला तर माल वाळलेला. दबला तर ओल आहे, आणि ओल असली की क्विंटलमागे भाव उतरला. ओलावा मोजणारी यंत्रे केव्हाच आली, पण दाढेवरचा भरवसा उदगीरच्या मोंढ्यातून अजून उठलेला नाही. शेतकरी बाजूला उभा राहून त्या दाढेकडेच बघत असतो.

बाहेरच्यांना उदगीर माहीत असते ते १७६० च्या लढाईमुळे. सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला नमवले आणि त्याच वर्षी ते उत्तरेला, पानिपतच्या वाटेला लागले. अलीकडे २०२२ साली पंच्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन इथे भरले, तेव्हा पुन्हा चार दिवस गावाचे नाव वर्तमानपत्रांत आले. इथला किल्ला आणि संमेलन दोन्ही अभिमानाचे, पण त्यांवर कुणाची चूल पेटत नाही. या गावाला बारा महिने काम देणाऱ्या गोष्टींत मोंढा आणि त्याला जोडून उभ्या राहिलेल्या दालमिली फार वर आहेत, आणि त्यांच्यावर मात्र क्वचितच कुणी चार ओळी लिहितो.

इथे दालमिली का, याचे उत्तर जमिनीत आहे आणि थोडे नकाशातही. बालाघाटाच्या या माळावर पाऊस बेभरवशाचा. तूर मुळे खोल घालते, सोयाबीनच्या ओळींत उभी राहते, आणि सोयाबीन निघून गेल्यावरही दोन-तीन महिने रानात तग धरते. मृगात पेरलेली तूर घरात येते ती डिसेंबर-जानेवारीत. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेल्या बीडीएन ७११ सारख्या लवकर येणाऱ्या वाणांनी हा काळ थोडा कमी केला. दुसरी गोष्ट सरहद्दीची. १९५६ पर्यंत उदगीर हा बीदर जिल्ह्याचा तालुका होता. पुढे तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेला. राज्ये बदलली तरी गाड्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. बीदरकडचा माल इकडे येत राहिला. परळी-विकाराबाद रेल्वेमार्गाने हैदराबादची बाजारपेठही हाताशी होती. शिवाय निजामी राज्यात १९३० सालीच शेतमालाच्या बाजाराचा कायदा झालेला होता, त्यामुळे उघड सौदा, मान्य माप आणि परवाना असलेला आडत्या या गोष्टी मराठवाड्याला १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याआधीपासून ठाऊक होत्या. पाळल्या किती गेल्या, हा वेगळा विषय.

आता मिलीत शिरू. हरभरा भरडायला सोपा, तूर चिवट. तिची साल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट धरून असते. घरी डाळ करायच्या तेव्हा तूर भिजवून, लाल माती चोळून, उन्हात खडखडीत वाळवून मग जात्यावर भरडत. मिलीत तत्त्व तेच, फक्त आकार मोठा. आधी चाळण्यांतून काडीकचरा, खडे, बारीक दाणा वेगळा होतो. मग खरखरीत दगडी भुकटीचा थर दिलेल्या फिरत्या रोलमधून दाणा जातो. तिथे साल निघत नाही, नुसते ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांतून तेल आत शिरावे म्हणून क्विंटलला दोनशे ते पाचशे ग्रॅम तेल चोळतात आणि माल रात्रभर दाबून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ऊन. मग पाण्याचा हलका हात, पुन्हा ढीग, पुन्हा ऊन, पुन्हा रोल. प्रत्येक फेरीत थोडी साल सुटते. साल गेलेला पण न फुटलेला दाणा म्हणजे गोटा. तो फोडला की डाळ.

फरशीवरचे वाळवण हा यातला सगळ्यात बघण्यासारखा भाग. पिवळसर तूर घोट्याएवढी पसरलेली असते आणि बाया पाय ओढत त्यातून चालतात. मागे सऱ्या पडत जातात, खालचा दाणा वर येतो. आभाळ भरून आले की पळापळ, कारण एक सर आली तर तेल-पाण्याचा हिशेब बिघडतो आणि डाळ तुटकी निघते. पैसेवाल्या मिलींनी वाळवणी यंत्रे बसवली, रंग पाहून डागी दाणा उडवणारे सॉर्टेक्स बसवले. त्याने डाळ देखणी झाली आणि निवडणाऱ्या बायांचे हात कमी लागू लागले. हे दोन्ही खरे आहे आणि एकाचे कौतुक करताना दुसरे लपवू नये.

शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ पडते. दाण्यात डाळीचा भाग पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे दहा-पंधरा किलो भुकटीत आणि तुकड्यांत जाते. गिरणीवाल्याचे कसब आणि नफा या दहा-पंधरा किलोंत दडलेला असतो. एक किलो जास्त काढून दाखवणारा मिस्त्री मालकाला जावयासारखा जपावा लागतो. उजळ, अखंड, चकचकीत डाळ ‘फटका’ म्हणून जाते, थोडी साल राहिलेली ‘सव्वा नंबर’ म्हणून. उरलेली चुनी आणि भुसा गोठ्यात जातो. हा गोठाही साधा नाही. देवणी गाय याच टापूतली. देवणी हा पूर्वी उदगीर तालुक्याचाच भाग होता. वानेरा, बालंक्या, शेवरा असे या जातीचे तीन प्रकार, आणि ओढकामाला व दुधाला दोन्हीकडे चालणारी ही जनावरे तुरीच्या चुनीवर पोसलेली. शेतातून मोंढ्यात, मोंढ्यातून मिलीत, मिलीतून गोठ्यात आणि गोठ्यातले शेण पुन्हा शेतात.

या फेऱ्यात किती जण बसतात ते बघा. आडत्या आणि त्याचा मुनीम, तोलारी, हमाल, चाळणीवाल्या बाया, मिस्त्री, वायरमन, बारदाना शिवणारा, कट्टे भरणारा, ट्रकचा ड्रायव्हर, दुरुस्तीचे वेल्डिंग दुकान, दारावरचा चहावाला. मोठ्या कारखान्याच्या जाहिरातीत हजार नोकऱ्यांचा आकडा असतो. इथे आकडा कुणी लावत नाही. यातली बरीच कामे शाळेचा दाखला विचारत नाहीत. आडवळणाच्या तांड्यांवरून ऊसतोडीला किंवा पुण्या-हैदराबादच्या बांधकामांवर जाणाऱ्याला गावाजवळ मजुरी मिळाली, तर पोरांची शाळा मोडत नाही. मी स्थैर्य म्हणतो ते एवढ्याच अर्थाने. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तो देशात नावाजला गेला. वाळवणावरच्या बाईपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही.

भांडवल कुठून येते? आडतीच्या व्यवसायाची वाट ठरलेली आहे: आडतीत चार पैसे जमले, भावांपैकी एकाने गादी सांभाळली, दुसऱ्याने मिल घातली, उरले ते नातेवाइकांकडून आणि बँकेकडून. यात परोपकार नाही, नफा आहे. पण नफेखोर असला तरी मिलवाला गावातच राहतो, त्याचीही पोरे इथल्याच शाळेत जातात, आणि तुरीचा भाव पडल्यावर तो शटर ओढून परराज्यात निघून जाऊ शकत नाही. शेजारीच उलटे उदाहरण आहे. शासनाचा दूध भुकटी प्रकल्प याच उदगीरला उभा राहिला होता. इमारत मोठी, यंत्रे मोठी, निर्णय मात्र मुंबईतले. तो बंद पडला, आणि तो सुरू करा ही मागणी वारंवार होत राहिली. सरकारी म्हणून तो बुडाला असे मला म्हणायचे नाही. बुडताना ज्याचे स्वतःचे काही जाईल असा माणूस गावात कुणी नव्हता, एवढेच.

पण गावच्या पैशालाही गावाबाहेरचे फटके बसतात. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच २०१६ च्या जुलैत भारताने मोझांबिकशी तुरीचा करार केला, पाच वर्षांत आयात एक लाख टनांवरून दोन लाखांवर नेण्याचा. आणि नेमका त्या वर्षी पाऊस चांगला झाला. २०१७ च्या सुरुवातीला तूर ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली आली, सरकारी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून मापे थांबली. २०२१ पासून तुरीची आयात मोकळी झाली. २ जून २०२३ ला केंद्राने साठ्यावर मर्यादा घातली, गिरण्यांवरसुद्धा. म्यानमारची ‘लेमन’ किंवा टांझानियाची ‘अरुषा’ तूर मुंबई-चेन्नईच्या बंदरात उतरते; बंदराजवळच्या गिरणीला ती दाराशी मिळते, उदगीरला आणायची तर भाडे भरून. शहरातल्या गिऱ्हाईकाला डाळ स्वस्त मिळावी यात गैर काही नाही. पण दर दोन वर्षांनी उलटसुलट होणाऱ्या धोरणावर कुणी नवे यंत्र घ्यायला धजावत नाही. अनुदानापेक्षा पाच वर्षांचा निश्चित नियम मिलवाल्याच्या अधिक कामाचा.

यावर एक उपाय म्हणजे डाळ आणखी शेताजवळ करणे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल त्यासाठीच निघाली आणि बचत गटांत चांगली पसरली. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा यंत्रांना ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान मिळते. यंत्र मिळणे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ती विक्री. गावात भरडलेल्या डाळीला फटक्याची चकाकी नसते, आणि चकाकीची सवय लागलेले गिऱ्हाईक ती हातात घेऊन परत ठेवते. चव मात्र तिचीच बरी, हे माझे ठाम मत.

आणि शेतकऱ्याचे काय? फेरा कितीही सुंदर फिरला तरी जानेवारीत पैशाची नड असलेला माणूस पडत्या भावाने माल घालतो आणि वाढीव भावाचा फायदा साठा करणाऱ्याला जातो. यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचला, १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याज. माल तुमचाच राहतो. तूर चाळणीवर घेण्याच्या आधीच आपल्या बाजार समितीत जाऊन गोदामात जागा आहे का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर का नाही, हेही विचारा.