कपाशीवरचा ‘व्हायरस’ नव्हे, टू-फोर-डी

पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी झाली, शेंडा आकसला, की गावभर एकच हाकाटी: ‘व्हायरस आला!’ मग दुकानातून ‘व्हायरसचं औषध’ येतं, सोबत टॉनिक. रोगट झाडातला विषाणू मारणारं फवारणीचं औषध नसतंच, हे किती वेळा सांगायचं? आणि इथे बहुतेकदा विषाणूही नसतो. कपाशीचा लीफ कर्ल मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानातला. त्यात शिरा जाड होतात, पानांच्या कडा वळतात. पानं लांबट, बोटांसारखी चिरलेली आणि शिरा समांतर असतील, तर आधी टू-फोर-डीचा संशय घ्या.

हे तणनाशक ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. पानातून शिरून ते कोवळ्या शेंड्याकडे जातं. म्हणून जुनी पानं धड आणि नवी वाकडी. ऊस, ज्वारी, गहू ते सोसतात, कपाशी नाही.

‘पण मी कपाशीत मारलंच नाही!’ मारावं लागतच नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये झालेल्या चाचण्यांत नेहमीच्या मात्रेच्या १/४०० भागानेही कपाशीला इजा झाली. शेजाऱ्याने वाऱ्यात धुऱ्यावर केलेली फवारणी तेवढ्याला पुरते. इथाइल ईस्टर असेल तर फवारणीनंतरही उन्हात त्याची वाफ होते आणि ती वाऱ्याबरोबर सरकते. दुसरी वाट पंपात उरलेल्या अंशाची. ‘पंप धुतला होता’ म्हणणाऱ्यांनी नळी, गाळणी, नोझल धुतलं होतं का? नुसत्या पाण्याने ईस्टर निघत नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

खूण सोपी आहे. वाऱ्याने आलं असेल तर धुऱ्याकडच्या ओळी जास्त बिघडतात, आत कमी. पंपातून आलं असेल तर पहिल्या पंपाच्या ओळींना सर्वाधिक फटका. विषाणू असा ओळी धरून येत नाही. टू-फोर-डीच्या इजेवर उतारा नाही, पण घाईने पीक मोडू नका: झटका हलका असेल तर पुढची पानं हळूहळू नीट येतात. पाती-फुलांच्या काळात बसला, तर मात्र पातेगळ होऊन बोंडं घटतात.

‘बीटी तणनाशक सहन करतं’ हेही खोटं. बीटी बोंडअळीसाठी आहे, आणि तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीला भारतात मान्यता नाही.